नवे खेळ आणि आमचे शिष्ट मौन

मराठी सुशिक्षित गृहस्थाच्या अंगी एक गुण फार मोठा आहे. ज्या वस्तूचा त्याने कधी अनुभव घेतलेला नसतो, तिच्याविषयी त्याचे मत अत्यंत ठाम असते. पडद्यावर खेळावयाचे जे खेळ व्हिडिओ गेम या नावाने सर्वत्र ओळखले जातात, त्यांच्याविषयीचे हे ठाम मत आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहो: त्यांत वेळेचा नाश होतो, डोळ्यांचा नाश होतो, आणि अखेरीस घरच्या पैशाचाही नाश होतो. मध्यंतरी एका सभेत एका विद्वान वक्त्यांनी, या खेळांनी एक अख्खी पिढी बुडविली, असे मेजावर मूठ आपटून सांगितले व भरपूर टाळ्या मिळविल्या. सभा संपल्यावर आम्ही त्यांस, आपण यांपैकी कोणकोणते खेळ खेळून पाहिलेत, असे विनयाने विचारले. तेव्हा ते आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागले की, जणू आपण कोणकोणत्या गुत्त्यांत बसला होता असेच आम्ही त्यांस विचारले होते! एखाद्या कादंबरीवर ती न वाचता कोणी असा अभिप्राय दिला असता, तर याच गृहस्थांनी त्याची सालटी काढली असती.

आमची पन्नाशी उलटली आहे, महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमची हयात गेली आहे, आणि गेल्या काही वर्षांत आम्ही असे खेळ पुष्कळ खेळलो आहो. त्यांपैकी थोडे उत्तम, बरेचसे सामान्य व काही निव्वळ टाकाऊ निघाले. म्हणजे कवितासंग्रहांच्या बाबतीत जे प्रमाण पडते, तेच येथेही पडले. तेव्हा आमची तक्रार खेळांविरुद्ध नाही. ती आमच्याच वर्गाविरुद्ध आहे. ज्या मासिकांतून नाटकाची, चित्रपटाची, रांगोळीच्या प्रदर्शनाचीही साक्षेपी परीक्षणे येतात, त्यांतून या नव्या कलेविषयी बहुधा एक ओळही येत नाही. हे मौन अज्ञानाचे असते तर क्षम्य होते. ते शिष्टपणाचे आहे, आणि त्याची किंमत मराठी भाषा मोजीत आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या बोलण्यात खेळ आणि जुगार यांची सरमिसळ झाली आहे. २०२५ च्या जुलैत विधिमंडळाच्या सभागृहात एका मंत्रिमहोदयांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसल्याचे चित्रण बाहेर आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उडाला. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले. तो वाद येथे नको. पण त्या दिवसापासून आमच्या परिचितांत 'गेम' म्हणजे रमी हे समीकरण पक्के झाले. वास्तविक त्याच वर्षीच्या ऑगस्टात संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली आणि इतर खेळांस त्यांतून निराळे काढून उत्तेजनाची भाषा वापरली. जो भेद कायदा करणाऱ्यांस कळला, तो पदवीधरांस कळू नये हे नवल होय. सारीपाट मांडणारी आपली आजी काही राज्य पणास लावीत नव्हती.

आणि आता जे सांगावयाचे ते थोडे कडू आहे. मुलास पंचवीस हजारांचा मोबाइल घेऊन देणारा बाप, त्यावरील चारशे रुपयांचा एखादा खेळ मुलाने मागितला, तर पहिला प्रश्न हाच करतो की, फुकटचा मिळत नाही काय? मिळतो तर! हवे तितके मिळतात. पण फुकटच्या खेळाचा चरितार्थ कशावर चालतो याचा विचार हा बाप करीत नाही. दर दोन मिनिटांस जाहिरात; पुढची वाट अडवून ठेवावयाची आणि ती उघडण्यास खोटी नाणी खऱ्या पैशांनी विकावयाची; आज हजेरी लावली नाही तर उद्याचे बक्षीस बुडते अशी धास्ती घालावयाची; आणि खेळ कधी संपूच द्यावयाचा नाही. उलट, ज्या लहान स्वतंत्र खेळांविषयी आम्ही लिहीत आहो, ते एकटादुकटा मनुष्य किंवा पाच-दहा जणांची मंडळी स्वतःच्या बुद्धीने व बहुधा स्वतःच्याच पैशाने तयार करतात. त्यांची किंमत पुस्तकाप्रमाणे एकदाच द्यावयाची असते, आणि पुस्तकाप्रमाणेच त्यांपैकी बहुतेकांस शेवट असतो. खेळाच्या व्यसनाचा विकार खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्यास स्थान मिळाले आहे. परंतु ज्या जातीच्या खेळांस व्यसन लावल्यावाचून पैसाच मिळत नाही, ती जात आपल्या काटकसरीने पोसावयाची, आणि मग सगळ्याच खेळांस शिव्या द्यावयाच्या, ही कोठली रीत?

लहान खेळ काय करू शकतो हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने 'पेपर्स, प्लीज' खेळावा. लुकास पोप या गृहस्थाने तो जवळजवळ एकट्याने रचून २०१३ साली प्रसिद्ध केला. आर्स्टोट्झ्का नावाचा एक कल्पित देश आहे, साल १९८२ आहे, आणि खेळणारा हा सरहद्दीच्या नाक्यावरील कागद तपासणारा कारकून आहे. खिडकीपाशी माणसे येतात, आपण त्यांचे पारपत्र पाहावयाचे, तारखा जुळवावयाच्या, आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारावयाचा. बस्स, खेळ एवढाच. पगार माणसांच्या संख्येवर. संध्याकाळी हिशेब समोर येतो: भाडे, अन्न, ऊब, औषध, घरी बायको, मुलगा, सासू आणि मामा. पैसे पुरत नाहीत, तेव्हा आज शेगडी पेटवावयाची की मुलाचे औषध आणावयाचे, हे आपणच ठरवावयाचे. आणि मग एके दिवशी एक मनुष्य येतो. त्याचे कागद चोख आहेत. जाता जाता तो सांगतो की, माझ्यामागून माझी बायको येत आहे, तिच्यावर दया करा. बायकोपाशी प्रवेशाचा परवाना नाही. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांबद्दल वरून नुसती ताकीद येते, पुढच्या प्रत्येक चुकीस दंड. म्हणजे दयेलाही येथे दर आहे, आणि तो आपल्या मुलाच्या औषधातून वळता होतो.

सरकारी कचेरीच्या खिडकीबाहेर ताटकळण्याचा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? खिडकीच्या आत बसण्याचा प्रसंग मात्र आम्हांस या खेळानेच प्रथम आणला. अर्ध्या तासात समोरचे चेहरे पुसट झाले व केवळ तारखा दिसू लागल्या. नोकरशाही माणसास कशी घडविते यावर आम्ही वर्गात अनेक व्याख्याने दिली आहेत; पण तीस वर्षांच्या त्या व्याख्यानांनी जे विद्यार्थ्यांच्या गळी उतरले नाही, ते या खेळाने एका संध्याकाळी उतरविले. कादंबरीतला कारकून निर्दय झाला तर आपण त्यास दूषण देऊन पान उलटतो. येथे शिक्का आपल्या हातात असतो. दोष दाखवावयाचा तर उत्तरार्धात गुप्त मंडळीचे जे कारस्थान शिरते, ते आम्हांस पातळ वाटले. नाक्यावरची ती रांगच अधिक भेदक होती.

'फ्लॉरेन्स' (२०१८) हा ऑस्ट्रेलियात झालेला खेळ तासाभरातच आटोपतो. फ्लॉरेन्स नावाची तरुणी आणि कृष हा भारतीय वंशाचा चेलोवादक यांच्या प्रेमाची व वियोगाची ती गोष्ट. पहिल्या भेटीतील संभाषण म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरे करावयाचे. ओळख वाढते तसतसे तुकडे कमी होतात, कारण बोलणे सोपे झालेले असते. आणि भांडण आले की त्याच तुकड्यांस टोके फुटतात. संवाद जवळजवळ नाहीच. भावगीताची ही जात आहे, आणि भावगीताप्रमाणेच थोडी गुळचटही.

आता 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन याने चित्रे, संगीत, कथा, सगळे एकहाती करून चार वर्षांहून अधिक काळ खपून तो २०१६ साली प्रसिद्ध केला, आणि जगभर तो अफाट खपला. शहरातील कचेरीस कंटाळलेला मनुष्य आजोबांनी ठेवलेल्या शेतावर येतो, नांगरतो, पेरतो, गावकऱ्यांशी स्नेह जोडतो. खेळ गोड आहे यात शंका नाही. पण आम्ही नाशिक जिल्ह्यातले! या शेतात आम्हांस पदोपदी हसू येत होते. पाऊस आला म्हणजे तेथे लाभच. त्या दिवशी पाणी घालावे लागत नाही. पक्षी पीक खातात, तर बुजगावणे उभारले की काम झाले. आणि माल? घराजवळच्या पेटीत टाकावा, सकाळी पैसे जमा. भाव ठरलेला. आडत्या नाही, लिलाव नाही, हमाली नाही, तोलाई नाही. असा गाव कोठे आहे ते कळल्यास आमच्या ओळखीची निदान पन्नास कुटुंबे उद्याच तिकडे बिऱ्हाड हलवतील.

हसू ओसरल्यावर मात्र आमच्या मनास एक गोष्ट लागून राहिली. आम्ही ज्या द्वारका भागात राहतो, तेथे मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन रस्ते मिळतात, आणि त्या गर्दीत कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक तास तास अडकून पडलेले आम्ही नित्य पाहतो. लासलगावची कांद्याची पेठ आमच्याच जिल्ह्यात. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती डोळ्यांपुढे आणा. चाळीत रोज थोडा माल सडतो, थोड्यास कोंब येतात, सगळ्याचेच वजन घटते. आज भाव पडलेला आहे. थांबावे तर चढेल, कदाचित आणखी पडेल. सोसायटीचे कर्ज फेडावयाचे आहे, मुलीची फी भरावयाची आहे. आणि दूर दिल्लीत काय शिजते आहे हे कोणासच ठाऊक नाही: २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरास निर्यात साफ बंद झाली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. या माणसाच्या दुःखावर मराठीत कथा झाल्या, कविता झाल्या, चित्रपट झाले, व्याख्याने तर मोजदादीपलीकडची. पण वाचकास आपण नेहमी बांधावर उभे करून हळहळावयास लावले. चाळीचे दार आज उघडावे की आणखी आठ दिवस थांबावे, हे त्यासच ठरवावयास लावील असे साधन आपल्याला आजवर मिळाले नव्हते. ते आता आहे, आणि त्याचा उपयोग अमेरिकेतील एक तरुण स्वप्नातल्या शेतासाठी करतो. आमचे तरुण, ज्यांचे मामा-काका खरोखर चाळीपुढे उभे आहेत, त्यांस या साधनाने काही म्हणता येईल हे कोणी सांगितलेलेच नाही. कसे सांगणार? सांगावयाचे ज्यांनी, ते मेजावर मूठ आपटीत आहेत.

आमच्या शेजाऱ्यांकडे पाहा. टोरँटो येथील विसाई गेम्स या छोट्या मंडळीने २०२३ साली 'वेण्बा' नावाचा खेळ काढला. वेण्बा हे तमिळ काव्यातील एका जुन्या छंदाचे नाव, आणि येथे ते एका आईचे नाव. ती व तिचा नवरा १९८८ साली कॅनडात बिऱ्हाड थाटून असतात. त्यांस मुलगा होतो. तिच्यापाशी आईची स्वयंपाकाची वही आहे, पण वहीतली अक्षरे जागोजाग पुसली गेली आहेत. इडलीपात्रात ताटल्या कशा रचाव्या, काय आधी घालावे नि काय मागाहून, हे खेळणाऱ्याने तर्काने शोधावयाचे. मुलगा मोठा होतो तसा घरच्या भाषेपासून दुरावतो, आणि तीच वही पुढे त्याच्या हाती येते. खेळ फार आखूड आहे, आणि त्यातील पदार्थ बिघडला तरी काही बिघडत नाही, हा आमच्या मते मोठा दोष. भाषा गमावणे इतके निर्धोक नसते. तरीही २०२४ साली ब्रिटिश अकादमीचा पहिल्या कृतीसाठीचा पुरस्कार त्याने मिळविला, आणि तो योग्यच मिळविला. आता विचारावयाचे ते हे की, अशी वही अमेरिकेतल्या व कॅनडातल्या मराठी घरांत नाही काय? पुरणाचे प्रमाण फोनवर विचारणाऱ्या मुली नाहीत काय? अधिवेशने आपण थाटाने भरवितो, त्यांत ढोल-लेझीम असते. संगणकाच्या धंद्यात तर आपली माणसे किती आहेत याची बढाई आपण रोज मारतो. मग ती आई तमिळच का? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. पण मराठी संसार ज्याच्या केंद्रस्थानी आहे, असा एकही मोलाचा खेळ आजवर आमच्या हाती आलेला नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कारागीरच नाहीत. हे खोटे आहे. आमच्या द्वारका चौकातून निघणारा रस्ता ज्या पुण्यास जातो, त्या पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' घडविला. २०१७ साली त्यासाठी जाहीर वर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही; तरी हातचे काम न सोडता त्यांनी तो २०२० साली जगापुढे आणला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातील मुलगी, तिच्या भावास असुर पळवितात, आणि दुर्गा नि विष्णू तिची कथा सांगत जातात. राजस्थानी वाडे, पहाडी वळणाची चित्रे, मधूनमधून छायाबाहुल्या. डोळ्यांस मेजवानीच आहे. पण लढाया उत्तरार्धात एकसुरी होतात, आणि शेवट असा अकस्मात येतो की पुढचे पान कोणी फाडून नेले की काय असे वाटावे. याहून आमचे दुखणे निराळे आहे. पहिल्या आवृत्तीत दुर्गा आणि विष्णू परस्परांशी इंग्रजीत बोलतात! २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. मराठी आले नाहीत. त्या छायाबाहुल्या पाहताना आम्हांस सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकरांची, त्यांच्या चामड्याच्या बाहुल्यांची व चित्रकथीच्या पोथ्यांची आठवण होत होती. ती मंडळी काही दूर नव्हती. गोव्यात फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हने २०२१ साली काढलेल्या 'फरगॉटन फील्ड्स'चीही हीच गत: लेखणी अडलेला लेखक विकल्या जाणाऱ्या जुन्या घरी परततो, किनारा ओळखीचा, ऊन ओळखीचे, आणि माणसे बोलतात ती इंग्रजी.

यात कारागिरांस दोष देण्यात अर्थ नाही. मराठीत खेळ केला तर त्यावर लिहिणार कोण, विकत घेणार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पोलंडचे उदाहरण घ्या. युद्धात वेढलेल्या शहरातील नागरिकांच्या जगण्यावर तेथे 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) हा खेळ झाला, आणि २०२० साली पोलंडच्या सरकारने तो शाळांतील वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले. कादंबऱ्यांच्या यादीत खेळ! आमच्या अभ्यास मंडळात असा ठराव मांडला तर काय होईल याची कल्पना आम्ही करू शकतो. चहा येईपर्यंत चर्चासुद्धा टिकणार नाही.

सगळेच लहान खेळ थोर आहेत असा भ्रम कोणी करून घेऊ नये. लहानपणीच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचे अनुकरण हेच ज्यांचे भांडवल, असे खेळ ढिगाने निघतात. उदास तरुण, पाऊस आणि पियानो एवढ्यावर भागविणारेही पुष्कळ आहेत. पण चांगले कोणते व टाकाऊ कोणते हे निवडणे, हेच तर टीकाकाराचे काम. ते आम्ही केले नाही, म्हणून मुलांची निवड जाहिरातवाल्यांच्या हाती गेली.

नाशिककरांनी तरी या बाबतीत नाक मुरडू नये. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढावयाचे ठरविले, तेव्हा चित्रपटाची प्रतिष्ठा आजच्या खेळांहून अधिक नव्हती. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले; फिल्म धुण्यापासून भोके पाडण्यापर्यंतची कामे घरी सरस्वतीबाईंच्या हातून झाली; तारामतीसाठी एकही स्त्री मिळेना, म्हणून ती भूमिका साळुंके या पुरुषास द्यावी लागली. एक घर, एक वेडा मनुष्य, थोडे साहाय्यक: आजच्या भाषेत हा स्वतंत्र निर्माताच नव्हे काय? १९१३ साली ते चित्र लोकांपुढे आले, आणि पुढे फाळक्यांनी आपला कारखाना नाशकातच आणला. त्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. रविवारी तेथे सहलीस जाणाऱ्या आमच्या मित्रांस एक सुचवावेसे वाटते. पायऱ्या चढून वर जावे, शिलालेख पाहून झाले म्हणजे खाली मान घालून लेण्यांपुढची जमीनही पाहावी. तेथे खडकात खेळांचे पट कोरलेले आहेत. इतक्या गंभीर स्थळी बसून कोणी तरी सोंगट्या मांडल्या होत्या.

असो. केवळ दोष दाखवून थांबणे आमच्या स्वभावात नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. अशा जुन्या वाचनालयांनी एखाद्या कोपऱ्यात दोन यंत्रे ठेवावी, त्यांवर निवडक पंधरा-वीस खेळ विकत घेऊन घालावे, आणि पुस्तकाप्रमाणे ते सभासदांस तास-दोन तास खेळावयास द्यावे. यास एखाद्या व्याख्यानमालेच्या मांडवाहून अधिक खर्च येणार नाही. महाविद्यालयांतून भाषांतर शिकविले जाते. तेथील विद्यार्थ्यांस दरवर्षी त्याच त्या परदेशी लघुकथा देण्याऐवजी एखाद्या लहान खेळाचे संवाद, निर्मात्याची अनुमती घेऊन, मराठीत आणावयास द्यावे. यांत शब्द थोडे असतात, पण प्रत्येक शब्दास जागा मोजकी असते. उतारा पाठ करून ते साधणार नाही. आणि या मासिकाच्या संपादकांस आमची विनंती आहे की, दर तीन महिन्यांनी एका खेळाचे परीक्षण छापण्यास चार पाने राखून ठेवावी. पहिले परीक्षण 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' या २०१८ सालच्या खेळाचे लिहिण्यास आम्ही घेतले आहे. परत आलेल्या ओसाड जहाजावरील साठ माणसांचे काय झाले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा-तपासनिसाने शोधावयाचे, असा तो विषय आहे. ज्यांस आमच्या मताचे खंडन करावयाचे असेल, त्यांनी तोवर तो खेळून ठेवावा.